अब्बांची चाल

गेल्या हिवाळ्यात मी अब्बांना सलग तीन दिवस गल्लीत चालायला लावलं. भवानी पेठेत घोंगडे वस्तीच्या बाजूला आमचं घर आहे. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या ओट्यावर मोबाइल ठेवला तर त्यात माणसाची तीनच पावलं मावतात. असरची नमाज झाली की अब्बा घरी येत, चप्पल न काढता दारातच थांबत आणि विचारत, "चलूं क्या?" मी मोबाइल सुरू केला की ते डावीकडून उजवीकडे जात, कोपऱ्यावरून वळत आणि परत येत. रोज वीस-पंचवीस फेऱ्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खालांनी विचारलंच, "भाईजान, डॉक्टर चलने को बोले क्या?" अब्बा म्हणाले, "नै. बेटा मेरेकू पिच्चर में ले रा."

पिच्चर नव्हता, मोबाइलवर खेळायचा गेम होता. आणि त्यात अब्बांना घ्यायचं असं माझ्या मनातही नव्हतं. ते कसं झालं ते सांगतो.

मी चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा फूल आधी चौकटींच्या ग्राफवर उतरतं. पूर्वी तो ग्राफ हाताने रंगवत आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती उभी केली आणि त्याचं आडनाव आमच्या शहरात यंत्राचंच नाव होऊन बसलं. आता ग्राफ कॉम्प्युटरवर करतात. अब्बांनी मागावर एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. मी काढलेलं एक डिझाइन त्यांच्या हातून विणलं गेलं, असं एकदाच घडलं. ती चादर अजून अम्मीच्या पेटीत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद झाला. सुरू झाला तेव्हा पगार अर्ध्यावर आलेला होता. घरी बसून करता येईल असं काम शोधताना गेममधली पात्रं हलवण्याचं काम दिसलं. चित्र मला काढता येत होतं. आता ते हलवायचं तेवढं शिकायचं, असं मी मनाशी म्हणालो. त्या 'तेवढं'ला दोन वर्षं लागली.

चित्र काढायला क्रिता आणि हलवायला गोडो, अशी दोन सॉफ्टवेअर मी घेतली. दोन्ही फुकट आहेत. गोडो तर हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झुर या अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. माझ्यासारख्याला त्यामुळेच या दारातून आत जाता आलं.

पहिल्या आठवड्यात मी एक सुंदर माणूस काढला. डोळे, मिशा, कुर्त्याच्या चुण्या, सगळं एकाच चित्रात. मग कळलं की असा माणूस हलत नाही. त्याला हलवायचं तर आधी त्याचे तुकडे करावे लागतात. डोकं वेगळं, धड वेगळं, दंड वेगळा, कोपरापुढचा हात वेगळा, पंजा वेगळा, मांडी, नडगी, पाऊल वेगळं. माझ्या माणसाचे सतरा तुकडे झाले. तुकडे कापतानाही जिथे जोड आहे तिथे दोन्ही टोकं गोल आणि एकमेकांच्या आत थोडी शिरलेली ठेवायची. सरळ रेषेत कापलं तर हात वाकवल्याबरोबर कोपराशी फट पडते आणि मागची भिंत दिसते.

मग या तुकड्यांच्या आत हाडं घालायची. याला रिगिंग म्हणतात. प्रत्येक हाडाला एक वडील हाड असतं. वडील हललं की लेकरू त्याच्यासोबत जातं. लेकरू हललं तर वडील जागच्या जागी राहतं. पंजा कोपरापुढच्या हाताचा, तो दंडाचा, दंड धडाचा आणि सगळ्यांचं मूळ कमरेत. मी पहिल्यांदा हात चुकून डोक्याला जोडला होता. माणसाने मान डोलावली की हात आपोआप सलाम करायचा. अम्मी ते बघून इतकी हसली, की मी ती फाइल अजून ठेवली आहे.

तुकडा कुठल्या बिंदूभोवती फिरेल तेही सांगावं लागतं. न सांगता फिरवला तर दंड स्वतःच्या मध्यावर पंख्यासारखा गरगरतो. बिंदू खांद्यात नेऊन ठेवला की तोच दंड दंडासारखा वागायला लागतो. आणि कुर्ता! मांडी उचलली की गुडघा कापड फाडून बाहेर यायचा. कुर्त्याच्या चित्रावर जाळं टाकून प्रत्येक गाठीला सांगावं लागलं, की तू या मांडीचं इतकं ऐक, त्या मांडीचं इतकं, कमरेचं इतकं. त्या एका घेरात माझे सोळा दिवस गेले.

आमच्या शेजारी पद्मशाली समाजाच्या एक आजी राहतात. त्यांना मी स्क्रीनवर सुटे हातपाय दाखवले तर त्या म्हणाल्या, "हे तर आमचं तोलू बोम्मलाटा." तेलुगू मुलखातला हा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. बाहुलीचे खांदे, कोपर, गुडघे वेगळे कापून दोऱ्याने जोडतात, मागे दिवा आणि पुढे पांढरा पडदा. आजींनी तो लहानपणी आजोळी पाहिला होता. पुढे मी शोधत गेलो तेव्हा कळलं, की तुर्कस्तानातला करागोझ हाही असाच जोडाच्या चामडी बाहुल्यांचा सावलीखेळ आणि उस्मानी काळात रमजानच्या रात्री तो कॉफीखान्यांत रंगायचा. १९२६ मध्ये जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या जोडलेल्या आकृत्या हलवून अलिफ लैलावर आख्खा चित्रपट केला, 'प्रिन्स अहमद'. म्हणजे मी जे नवीन म्हणून शिकत होतो ते दिवा, चामडं आणि दोरा एवढ्यावर लोक कधीपासून करत होते.

दुसऱ्या वर्षी मला पहिलं बरं काम मिळालं. गेम बनवणारे कोण ते सांगत नाही. त्यांनी पाच शत्रूंची यादी पाठवली होती. मला मिळाला तिसरा. वर्णन दोन ओळींचं: दाढी, जाळीची टोपी, लांब कुर्ता. हालचाली चार: चालणं, हल्ला, मार लागणं, मरणं. मरताना टोपी उडून वेगळी पडली तर छान दिसेल, असंही लिहिलं होतं. गेमच्या पात्रांना साधारणपणे पाचवी हालचालही असते. खेळणाऱ्याने काहीच केलं नाही तर पात्र नुसतं उभं राहतं, श्वास घेतं, या पायावरून त्या पायावर होतं. तिला आयडल म्हणतात. मी विचारलं, आयडल हवी का? उत्तर आलं, याला नको, हा दिसला की लगेच मरतो.

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ते मला नावाने ओळखत होते, ईदला शुभेच्छाही पाठवत होते. शत्रू असा दिसतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते त्यांनी खेळून खेळून घेतलं होतं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले संशोधक वीट शिस्लर यांनी २००८ मध्ये 'डिजिटल अरब्स' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. पाश्चिमात्य गेममध्ये अरब आणि मुसलमान माणूस बहुतेक वेळा शत्रू म्हणून येतो, डोक्यावरचं कापड आणि सैल कपडे एवढ्यावर त्याची ओळख संपते आणि त्याला स्वतःचं नाव-गाव नसतं, असं त्यात दाखवलं आहे. तो मी नंतर वाचला. तेव्हा मला फक्त अर्धे पैसे आगाऊ मिळालेले दिसत होते, आणि त्यातून घराचं वीजबिल गेलं होतं. मी काम घेतलं.

अम्मीला माझ्या या कामाबद्दल आधीपासूनच धाकधूक. आमच्या घरात नमाजच्या खोलीत फोटो नाही. जानदाराचं चित्र काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी सांगतील, की आता यात जीव घाल, ही हदीस तिने लहानपणापासून ऐकलेली. मी तिला हजरत आयशांच्या बाहुल्यांची गोष्ट सांगायचो. त्यांत पंखांचा एक घोडा होता आणि तो पाहून पैगंबरसाहेब हसले होते. अम्मी म्हणायची, "ते खेळणं होतं, तुझं दुकान आहे." यात कोण बरोबर ते उलेमांनी सांगावं. पण अॅनिमेशन हा शब्दच लॅटिनमधल्या जीव या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे अम्मीचं बोट बरोबर जागी होतं. फक्त त्या महिन्यात माझी अडचण उलटी झाली होती. जीव घालायचं राहिलं बाजूला, मला जीव घ्यायचे पैसे मिळणार होते.

मी चालणं बनवलं. चालण्याच्या चार मुख्य अवस्था असतात. टाच टेकते, मग अंगाचा भार पडून शरीर खाली बसतं, मग दुसरा पाय शेजारून पुढे जातो, मग शरीर वर उचललं जातं. या चार अवस्था दोन्ही पायांसाठी काढायच्या आणि शेवट पुन्हा सुरुवातीला जोडायचा, की माणूस कितीही वेळ चालत राहतो. पुस्तकात होतं तसं सगळं केलं. तरी माझा माणूस बर्फावरून घसरत असल्यासारखा दिसायचा.

एका रात्री मी तेच पुन्हा पुन्हा चालवून बघत होतो. अब्बा पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे उभे राहिले. मागांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते कधी येतात ते कळत नाही आणि आपण दचकलो ते त्यांना कळत नाही. स्क्रीनवर दाढी, टोपी, कुर्ता घातलेला माणूस डावीकडून उजवीकडे जात होता. अब्बांच्या डोक्यावर तशीच टोपी होती. मला वाटलं, आता विचारतील, हा कोण, हा काय करतो. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ये झूट चल रा."

"कायको?"

"वजन नै इसके पांव में. ये कभी थका नै."

आणि झोपायला गेले.

मी तसाच बसून राहिलो. त्यांनी टोपी पाहिली नसेल असं होणार नाही. पण त्यांना दिसली ती चाल. ज्या माणसाने आठ-आठ, बारा-बारा तास दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहून कांड्या बदलल्या, त्याला पायातलं वजन आधी दिसतं.

गेमच्या इतिहासात एक प्रसिद्ध हकीकत आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम १९८९ मध्ये आला. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं. संगीत त्यांच्या वडिलांनी दिलं होतं. त्या राजपुत्राची चाल अजून लोकांच्या लक्षात आहे, कारण ती एका खऱ्या मुलाची आहे. दुसऱ्या दिवशी मी अब्बांना म्हटलं, अब्बा, तुम्ही चालून दाखवता का?

अशा त्या तीन दिवसांच्या फेऱ्या. रात्री मी मोबाइलमधलं चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचो. माझा मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम घेतो. अब्बांचा डावा पाय टेकल्यापासून उजवा टेकेपर्यंत वीस फ्रेम लागत होत्या आणि उजवा टेकल्यापासून डावा टेकेपर्यंत सोळा. म्हणजे उजव्या पायावर भार आला की ते घाईने डावा पुढे टाकतात. उजवा गुडघा दुखतो, आणि त्यांनी ते आम्हाला कधी सांगितलेलं नव्हतं. चालताना उजवा खांदा किंचित पुढे, कारण त्या बाजूला माग असायचा. आणि त्यांचे हात चालताना मागे-पुढे फारसे जातच नाहीत. बोळ अरुंद होता, झुलवायला जागा कुठे होती?

मी तीस वर्षं या माणसाच्या मागून मशिदीत गेलो आहे. चार फ्रेमचा हा फरक मला मोजून काढावा लागला.

नवी चाल बसायला आठवडा लागला. पाऊल जमिनीला खिळवून ठेवायचं, म्हणजे घसरणार नाही. सुरुवातीला भार पडतो तिथे गती मंद, मध्ये वेगाने, शेवटी पुन्हा मंद. दोन्ही पावलांना सारखा वेळ द्यायचा नाही. ते झालं आणि स्क्रीनवरून अब्बा चालत गेले. चेहरा त्यांचा नव्हता, कुर्ता त्यांचा नव्हता, पण अम्मी भाकरी थापता थापता बघून म्हणाली, "ये तो ये हैं."

आता उरलं होतं मरणं. टोपीला वेगळं हाड मी आधीच दिलेलं होतं, ती उडण्यासाठी. पहिली फ्रेम ठेवली: गोळी लागते, धड मागे झुकतं. दुसरी: गुडघे वाकतात. उजवा गुडघा आधी वाकेल, हे मला आता माहीत होतं. तिसरी फ्रेम मी ठेवली नाही.

गेमवाल्यांना मी लिहिलं, की या पात्राचे कपडे बदलू या का, साधा शर्ट-पँट घातलेला गुंड करून देतो, जास्तीचे पैसे नकोत. त्यांनी नम्रपणे कळवलं की वेळ नाही आणि आहे तेच ठीक आहे. मग मी उरलेलं काम सोडलं. मात्र माझी हुशारी इथे सांगायलाच हवी. आगाऊ पैसे परत द्यायला माझ्याकडे नव्हते. म्हणून मी त्यांना सुट्या तुकड्यांचा माणूस आणि पहिली, तरंगणारी चाल पाठवून दिली. हिशेब मिटला. त्याचं मरणं दुसऱ्या कुणीतरी बनवलं असणार. गेम आला. मी तो घेतलेला नाही आणि खेळलेलाही नाही. कुठेतरी पोरांच्या मोबाइलमध्ये मी काढलेला टोपीवाला बर्फावरून आल्यासारखा येतो आणि मरतो, ही गोष्ट माझ्या खात्यावर आहे. ती मी अम्मीला सांगितली. अब्बांना सांगितली नाही.

नवी चाल माझ्याकडे राहिली. तिचं काय करायचं कळत नव्हतं. मग मी तिला ती पाचवी हालचाल बनवायला घेतली. नुसतं उभं राहणं.

उभं राहणं चालण्यापेक्षा अवघड निघालं. चालताना चूक झाकली जाते, उभ्या माणसात प्रत्येक खोटेपणा दिसतो. छाती किती फुगते, खांदे तिच्यामागून किती उशिरा उचलले जातात, भार कुठल्या पायावर किती वेळ. मी पुन्हा अब्बांकडे बघायला लागलो, या वेळी न सांगता. चहाच्या टपरीवर, दारात, रविवारी मटणाच्या दुकानासमोर. त्यांचा भार सतत डाव्या पायावर असतो. आणि त्यांचा उजवा हात कधी मोकळा नसतो. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहतात, मध्येच एक बारीक हिसका बसतो. मला वाटायचं तस्बीह फिरवायची सवय असेल. तसं नाही. तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात तो तो हिसका आहे. माग सोडून त्यांना सहा वर्षं झाली. हवेतल्या धाग्याला ते अजून गाठ मारतात.

ते मी बनवलं. दर चार श्वासांनंतर एकदा अंगठा सरकतो आणि गाठ बसते. या माणसाचा गेम नाही. त्याच्या मागे आमची गल्ली काढली आहे, ओटा आणि दुचाक्यांसकट. भाचीला दाखवलं. तिने स्क्रीनवर दोन-चारदा बोट मारून पाहिलं आणि विचारलं, "मामू, हा काय करतो?"

"काही नाही. उभा आहे."

"मग याला मारायचं कसं?"

"नाही मारता येत."

तिने थोडा वेळ बघितलं आणि ती तिचा गेम खेळायला गेली. तिचंही बरोबर आहे, उभ्या माणसाकडे किती वेळ बघणार.

अब्बांना गेल्या जुम्याला दाखवलं. चष्मा लावून ते स्क्रीनजवळ वाकले. या वेळी वजनाबद्दल काही बोलले नाहीत. बोटांपाशी मात्र थांबले.

"गांठ गलत है," ते म्हणाले. "ऐसी मारे तो धागा निकल जाता." मग त्यांनी माझ्या कुर्त्याच्या बाहीतून सुटलेला एक धागा ओढून काढला, तोडला आणि हळूहळू, मला दिसेल अशी गाठ मारून दाखवली. एकदा, आणि मी नीट बघितलं नाही म्हणून पुन्हा एकदा.

माझ्या माणसाच्या अंगठ्याला एकच हाड होतं. त्यात ती गाठ बसत नाही. काल रात्री दुसरं जोडलं आहे.